कापशाच्या वहीतला पाचवा रकाना

आमच्या दौंडच्या घरात ओट्याच्या टोकाला एक तबकडीचा काटा असायचा. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो भंगारातून आणून दुरुस्त केला होता. पाच किलोपर्यंतचं वजन तो बिनचूक दाखवायचा. आप्पा कुरकुंभच्या एका औषधांच्या कंपनीत कच्चा माल तोलून द्यायच्या खात्यात होते. तिथे ग्रॅमाची चूक झाली तर सगळी बॅच फुकट जाते, असं ते सांगायचे, आणि ती धास्ती त्यांनी घरातही आणली होती. मीठ, डाळ, पीठ, सगळं काट्यावरून जायचं. मी चौथीत असताना त्यांनी मला तोलायला शिकवलं. "आधी काटा शून्यावर आन. मग माल ठेव. आन् जे तोललं ते लिव. तोललं आन् लिवलं न्हाई, म्हंजी तोललंच न्हाई." आज माझ्या ओट्यावर सेलवर चालणारा काटा आहे, तरी पीठ घेण्याआधी माझं बोट आपोआप शून्याच्या बटणावर जातं. माझे यजमान हसतात. हसू देत.

पहिल्या पाळीहून आप्पा साडेचारला घरी यायचे. कंपनीची बस चौकात सोडायची, तिथून ते चालत यायचे, आणि मग आई भाकऱ्या टाकायला बसायची. परातीवर हाताचे थापटे पडायला लागले की मी पाटावर जाऊन बसायची. तव्यावरून उतरलेली पहिली, फुगलेली भाकरी आप्पा स्वतः मोडायचे. वाफ बाहेर पडली की तिचा पदर सोलून त्यावर शेंगदाण्याची चटणी आणि तेलाची धार घालून माझ्या ताटात ठेवायचे. दुसरी त्यांची. हा क्रम कुणी ठरवलेला नव्हता, पण मोडलेलाही नव्हता. मी एकुलती एक होते आणि जगातली पहिली भाकरी माझीच असते असं मला वाटायचं.

सातवीच्या वर्षी हिरा आली. हिरा माझ्या आत्याची मुलगी, माझ्याहून चार महिन्यांनी मोठी. त्यांचं गाव निमोणे. तिचे आजोबा मेंढरं राखत हिंडायचे, वडिलांनी मेंढरं विकून शेती धरली होती. आत्याला छातीचा आजार निघाला आणि तिला शिरूरच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. वडील शेत आणि दवाखाना यांतच अडकलेले, म्हणून शाळा बुडू नये यासाठी हिराला आमच्याकडे धाडलं. पत्र्याची एक पेटी, दोन परकर आणि उजव्या हातावर विळ्याची जुनी खूण, एवढं घेऊन ती आली. पहिल्याच संध्याकाळी आईने भाकरी उतरवली, आप्पांनी ती मोडली, पदर सोलला, चटणी घातली आणि हिराच्या ताटात ठेवली. मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते म्हणाले, "भाचीला आधी. भाचीच्या ताटात वाढलेलं देवाला पोचतंय." मला दुसरी मिळाली. आप्पा तिसरीवर गेले. त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. मला मात्र पहिली आणि दुसरी यांत किती फरक असतो ते त्या दिवशी कळलं. वजनात म्हणाल तर काहीच नसतो.

त्यानंतर मी मोजत गेले. आप्पा घरात शिरताना आधी कुणाचं नाव घेतात. हिराच्या ताटात तूप किती वेळा, माझ्या ताटात किती वेळा. ती "मामा" म्हणाली की ते वर्तमानपत्र खाली ठेवतात, मी "आप्पा" म्हणाले की त्यातूनच हुं करतात. तिची आई दवाखान्यात आहे, हे मला माहीत होतं. पण ती गोष्ट माझ्या मोजणीत कुठल्या बाजूला धरायची ते मला कळत नव्हतं, म्हणून मी ती धरलीच नाही.

गणपती उठल्यावर आप्पांनी ससा आणला. त्यांच्या खात्यातला एक बिहारी ऑपरेटर कॉलनीत ससे पाळायचा, त्याने दिला होता. पांढरा, कानांच्या टोकांना राखाडी छटा. सरकी काढलेल्या कापसासारखा दिसतो म्हणून त्याचं नाव कापशा पडलं. आप्पा म्हणाले, "दोघींचा हाय." त्या ऑपरेटरने सांगितलेला नियम त्यांनी त्याच्याच बोलीत सांगितला, "घास, घास और घास. मीठा बिलकुल नहीं." मग बोटांवर मोजत समजावलं. रोज त्याच्या अंगाएवढा गवताचा ढीग पुढ्यात हवा, ओलं आणि सावलीत वाळवलेलं दोन्ही, कारण सशाचे दात जन्मभर वाढतात आणि ते गवतानेच झिजतात, आणि त्याचं पोट सतत चाललं तरच चालतं. मूठभर पाला, कोथिंबीर किंवा मुळ्याची पानं. गाजराची चकती आठवड्यातून एखादी, तीही लाड म्हणून. धान्य नाही, गूळ नाही, शेंगदाणा तर नाहीच. पाणी कायम. आजकाल शेजारपाजारची मुलं सशाला बिस्किटं चारताना दिसली की मी जिना उतरून जाऊन हे सगळं सांगून येते. मला हे तोंडपाठ असण्याला कारण आहे.

कामाची वाटणी आपोआप झाली. हिरा गवत आणायची, मी तोलायची आणि लिहायची. दोनशे पानी वहीत मी चार रकाने आखले. तारीख, कापशाचं वजन, गवत, पाला. वजन दर रविवारी, बाकीचं रोज. हिराला वहीचं हसू यायचं. "आगं उजे, त्येचं पोट त्येला कळतंय. शेरडाला कुनी मोजून चारतं का?" ती शाळेतून आली की विळा आणि पोतं घेऊन पाण्याच्या पाटाच्या कडेला जायची आणि हरळी आणायची. पण आधी गवताला नाक लावून बघायची, मुठीत चुरगाळायची, पिवळी काडी बाजूला काढायची. अर्धी हरळी पत्र्यावर सावलीला पसरायची. आणि कापशा? तिच्या चपलेचा आवाज आला की तो खोक्याच्या जाळीला उभा राहायचा. तिच्या परकरात शिरून बसायचा. माझ्या हाताला आला तर काट्याच्या परडीत बसायला लागतं हे त्याला कळलं होतं, म्हणून मी दिसले की तो कोपरा गाठायचा. एका संध्याकाळी आप्पा चहा घेता घेता म्हणाले, "हिराच्या हाताला गुन हाय. जनावर बरोबर वळखतं." मी तेव्हा कापशाचं वजन लिहीत होते. एक किलो आठशे पन्नास. ते शून्य इतकं दाबून लिहिलं गेलं की त्याची खूण पुढच्या तीन पानांवर उमटली.

दुसऱ्या दिवशी हिरा गवताला गेली तेव्हा मी डब्यातून दोन शेंगदाणे काढले आणि जाळीतून आत धरले. कापशाने वास घेतला, खाल्ले आणि माझी बोटं हुंगत राहिला. तिसऱ्या दिवशी चार. पाचव्या दिवशी तो माझ्या पावलांच्या आवाजाला जाळीपाशी उभा राहिला. मला नियम माहीत होता. विसरले होते, नकळत झालं, असं काहीही आज म्हणता येणार नाही. पण तोललेलं लिहायचं ही सवय इतकी अंगात भिनली होती की चोरी करतानाही ती सुटली नाही. मी पाचवा रकाना आखला. त्याच्या डोक्यावर 'इतर' असं लिहिलं. शेंगदाणे ७. गूळ, हरभऱ्याएवढा. भिजवलेले गहू, एक चमचा. वही माझीच होती, ती दुसरं कुणी उघडत नव्हतं.

महिन्याभरात कापशा माझा झाला. हिरा आली तरी तो माझ्याकडे तोंड करून बसायचा. तिने टाकलेलं गवत निम्मं तसंच राहायचं. वजन दोन किलो एकशे चाळीस भरलं तेव्हा मी ते आप्पांना मोठ्याने वाचून दाखवलं, आणि ते म्हणाले, "वा, धरलं की अंग." त्या चार शब्दांवर मी आठवडा काढला. हिरा मात्र खोकं झाडताना लेंड्या तळहातावर घेऊन बघायची. "उजे, ह्या बारीक पडाय लागल्यात. आन् कमी बी." मी म्हणाले, "तुझं गवतच बरं नसेल." तिने माझ्याकडे बघितलं, लेंड्या झटकल्या. मग म्हणाली, "असंल."

दिवाळी आली. आत्या दवाखान्यातच होती, म्हणून भाऊबीजेला आप्पा तिच्याकडे शिरूरला जायला निघाले. हिराला बरोबर घेतलं. मी नवा फ्रॉक घालून, वेणी घालून दारात उभी होते. आप्पा म्हणाले, "तू ऱ्हा घरी. दवाखान्यात लेकरांची गर्दी नको." मी म्हणाले, "मग हिरा?" आईने आतून सांगितलं, "तिची आई हाय ती, उजे." आप्पांनी शंकरपाळ्यांचा डबा पिशवीत घातला, हिराचा हात धरला आणि दोघं एसटी स्टँडकडे गेले. माझा हात त्यांनी रस्त्यावर शेवटचा कधी धरला होता ते मी आठवून पाहिलं. मला दिवस सापडला नाही. आईची पाठ फिरली तशी मी दुसरा डबा उघडला आणि खोक्यापुढे बसले. कापशा एकेक शंकरपाळी दोन्ही पायांत धरल्यासारखी खात होता, कुरूकुरू आवाज करत. मी मोजत होते. अकरा झाल्या. मग अर्धी करंजी. ती मी लिहिली, 'सारणासकट' असंही लिहिलं.

संध्याकाळी ती दोघं परतली. येताना निमोण्याला उतरून घरी डोकावून आली होती. हिराने बांधावरच्या हरळीचा भारा ओढणीत बांधून आणला होता. तिचे डोळे सुजलेले होते. आत्याला आत जाऊन भेटू दिलं नव्हतं, खिडकीतून बघितलं होतं. तिने भारा सोडला, कापशापुढे टाकला आणि म्हणाली, "घे रं, आमच्या बांधाची हाय." त्याने तोंड लावलं नाही.

सकाळी तो कोपऱ्यात अंग चोरून बसलेला, दात करकर वाजवत. खोक्यात एकही लेंडी नाही. पोटाला हात लावला तर फुग्यासारखं ताठ. पाणी नको, पाला नको. आईने आधी ओढणीतल्या गवताकडे पाहिलं. "परगावचं गवत. शेजारच्या कांद्याला औषध मारलं असंल. हिरे, कुनाच्या रानाचं आनलंस?"

"आमच्याच बांधाचं, मामी."

"पर पलीकडं कांदा हाय ना?"

"हाय."

"मग झालं की."

आप्पा दाढी अर्धी ठेवून बाहेर आले होते. त्यांनी भारा हुंगला. त्यांना काही कळलं नसावं, पण त्यांचा आवाज चढला. हिरावर चढलेला तो मी ऐकलेला पहिला आवाज. "तुला सांगितलं व्हतं ना, फवारलेल्या रानाकडं जायाचं न्हाई म्हून? मुकं जनावर हाय ते." हिरा खाली बघत उभी राहिली. पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत राहिली. मी तिच्या शेजारीच होते. खरं लिहायचं तर मला त्या क्षणी बरं वाटलं. कापशा मरेल ही भीती होती, आणि तिच्या बरोबरीने बरं वाटणंही होतं. दोन्ही एकाच वेळी.

आप्पांनी कामावर खाडा केला. कापशाला पिशवीत घालून आम्ही तिघं जनावरांच्या दवाखान्यात गेलो. मी सवयीने वही घेतली होती, वजन विचारतील म्हणून. डॉक्टर वयस्कर होते, बहुतेक गाईगुरंच बघणारे, पण त्यांनी कापशाला टेबलावर नीट घेतलं, पोटाला नळी लावून ऐकलं. "काही हालचाल नाही," ते म्हणाले. "काय खाल्लं?"

"फवारलेलं गवत, सायेब," आप्पा म्हणाले. "कांद्याच्या कडंचं."

"मग त्यावरचं इंजेक्शन देऊ. वजन किती?"

"दोन किलो दोनशे दहा," मी म्हणाले. डॉक्टरांनी बाटली काढली, सुई भरायला घेतली. मग सुई हातात तशीच धरून त्यांनी हिराला विचारलं, "नक्की ना, पोरी? त्यानेच? कारण हे औषध आतडं आणखी थंड करतं. विष नसेल आणि हे दिलं, तर आतडं पुन्हा चालायचं नाही."

हिरा कापशाच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. कापशाचं नाक, जे कधी थांबत नाही, ते थांबून थांबून हलत होतं. मी वही उघडली. सांगायचं ठरवून उघडली असं म्हणणार नाही. डॉक्टर आकडा वापरणार होते आणि तो आकडा चुकीच्या मालाचा होता, एवढंच मला सहन होईना. मी वाचायला लागले. "काल शंकरपाळ्या अकरा. करंजी अर्धी, सारणासकट. परवा शेंगदाणे चौदा, गूळ सुपारीएवढा. त्याच्या आदल्या दिवशी शेंगदाणे बारा, गहू दोन चमचे." पान उलटलं. "त्याच्या आदल्या दिवशी." डॉक्टरांनी सुई खाली ठेवली. "किती दिवस हे?" "अडतीस." "आणि कालचं गवत?" "खाल्लंच नाही. शून्य."

शून्य म्हणताना मी आप्पांकडे पाहिलं. अर्ध्या दाढीचा तो चेहरा मला अजून दिसतो. ते रागावले नव्हते. कंपनीत एखादं पोतं उघडल्यावर आत भलताच माल निघावा, तसं ते बघत होते.

डॉक्टरांनी दुसरं औषध दिलं, वायूवरचं. कोमट पाणी सुईशिवायच्या पिचकारीने तोंडाच्या कडेने थोडं थोडं घालायचं, पोट हलक्या हाताने चोळायचं, आणि तोंडाशी फक्त गवत धरायचं, बाकी काही नाही. रस्त्यात आप्पा एवढंच म्हणाले, "लिवलंस म्हून त्यो जगंल. पर लिवलं म्हून केलेलं फिटत न्हाई, उजे." घरी पोचल्यावर त्यांनी हिरापुढे उभं राहून सांगितलं, "माजं चुकलं, बाय." भाचीपुढे मामाने असं म्हणावं, हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

दोन दिवस हिरा त्याच्यापाशी बसून होती. पोट चोळायची, निमोण्याची तीच हरळी ओठांना लावायची. मला तिने पिचकारी धरायला दिली, बोलली मात्र नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी खोक्यात चार लेंड्या दिसल्या, तिसऱ्या दिवशी एकतीस. मी वहीत लिहिल्या. कापशाने पहिली काडी चावली ती तिच्या हातातून. पुन्हा मी दिसले की तो कोपरा गाठू लागला, आणि त्याचं मला वाईट वाटलं, अगदी आधीसारखंच. हेवा एका दिवसात जातो असं सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

पत्र्यावर हरळी पसरताना मी तिला विचारलं, "तू का बोलली नाहीस? आप्पा ओरडले तेव्हा तुला माहीत नव्हतं ना?"

"म्हाईत व्हतं. लेंडीत शेंगदान्याची सालं दिसत्यात. म्या जलमापासनं लेंड्याच बघितल्यात."

"मग?"

ती गवत उलटं करत राहिली. "मामाच्या घरात खाते, ऱ्हाते. मामाच्या लेकीचं नाव कसं घिऊ?" थोड्या वेळाने तिने एक पिवळी काडी उचलून खाली टाकली. "तुला वाटायचं, मामा माझं जास्ती करत्यात. मला दिसायचं. पर सकाळी तुझी आई तुझी येनी घालती ना, तवा मी मुद्दाम नळावर जाऊन बसायची."

मी सहा महिने मोजत होते आणि हे एकदाही मोजलं नव्हतं.

होळीच्या आधी आत्याला घरी सोडलं. हिराचे वडील तिला न्यायला आले. आप्पांनी विचारायच्या आत मीच कापशाचं खोकं दोरीने बांधलं. वही पुढे केली तेव्हा हिरा हसली. "ती ऱ्हाऊ दे तुला. मला डोळ्यानं कळतंय." स्टँडवर तिने खोकं मांडीवर घेतलं आणि खिडकीतून आप्पांना हात केला, मग मला. शिरूरची गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत आप्पा उभे होते.

त्या संध्याकाळी आईने भाकऱ्या टाकायला घेतल्या. पहिली फुगली, उतरली. आप्पांनी ती मोडली, पदर सोलला, चटणी घातली, तेलाची धार सोडली आणि हात नेहमीच्या बाजूला, हिराच्या जागेकडे गेला. तिथे नुसता पाट होता. हात तिथे जरासा थांबला, मग वळला आणि भाकरी माझ्या ताटात आली. मी चतकोर तोडला, तोंडात घातला आणि चावत बसले. उरलेले तीन चतकोर ताटात तसेच राहिले.